शंभर टक्क्यांचे गावंडे गुरुजी

दर एप्रिलमध्ये प्रगतिपत्रकांवर सह्या करायला बसलो की मला गावंडे गुरुजींचा राग येतो. ते आता हयात नाहीत. गेलेल्या माणसाबद्दल चांगलंच बोलायचं अशी आपल्याकडे रीत आहे, आणि मी ती पाळली. त्यांच्या शोकसभेत मी दोन शब्द बोललो. 'विद्यार्थ्यांच्या प्रगतीसाठी झटणारे' असं काहीतरी म्हणालो. आता मी स्वतः मुख्याध्यापक आहे, केस पिकले आहेत, रात्री झोप कमी लागते. त्या दोन शब्दांतला एकही खरा नव्हता, हे कुठंतरी लिहून ठेवल्याशिवाय मला चैन पडणार नाही.

त्यांची शाळा मंगरूळपीरहून मानोऱ्याकडे जाणाऱ्या रस्त्यापासून आत होती. गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही. तेव्हा आमचा जिल्हा अकोला. बहात्तरच्या दुष्काळाच्या सुमारास मी तिथं रुजू झालो. दोन खोल्या, चार वर्ग, आम्ही दोघं. पहिली-दुसरी माझ्याकडे, तिसरी-चौथी गुरुजींकडे. गुरुजी उंच, धोतर कडक इस्त्रीचं, वर काळा कोट, खिशात एक लाल आणि एक निळा पेन. लाल पेनात शाई नसायची. तो नुसता दिसायला होता. वर्गात ते खुर्चीवर बसून अडकित्त्यानं सुपारी कातरत आणि एखाद्या मोठ्या पोराला धडा वाचायला लावत. सुपारी संपली की धडा संपला.

मुलांची पारख करण्यात आपला हात कोणी धरू शकत नाही, अशी त्यांची खात्री होती. जून महिन्यात एखादा बाप पोराला घेऊन नाव दाखल करायला आला, तर गुरुजी पोराकडे पाहतच नसत. ते बापाच्या पायांकडे पाहत. पायांत बूट असले तर पोरगं हुशार. चप्पल असली तर मध्यम. अनवाणी बापाच्या पोराचं भवितव्य गुरुजींच्या लेखी तिथंच, उंबरठ्यावर ठरून जाई.

"मास्तर, पोराची प्रगती बापाच्या पायात दिसते," ते मला म्हणाले. "परीक्षा घेन्याची गरजच काय? सरकार म्हन्ते म्हून घ्या लागते."

त्याच सुमारास कापसाची सरकारी खरेदी सुरू झाली होती. बाजारात ग्रेडर नावाचा नवा देव अवतरला होता. तो गाडीतला मूठभर कापूस उचलायचा, दोन बोटांत धरून धागा ताणायचा आणि प्रत ठरवायचा. सगळं गाव त्याच्या दोन बोटांकडे पाहत असे. गुरुजींच्या घरी कापूस होता, त्यांनी ते पाहिलं आणि त्यांना ते फार आवडलं. मग ते वर्गात पोरांचे कान तसेच दोन बोटांत धरून ताणू लागले. "याचा धागा लंबा हाय," पाटलाच्या पोराचा कान सोडत ते म्हणत. आणि तांड्यावरून चालत येणाऱ्या एखाद्या पोराचा कान ताणून, "हे त फरतड हाय." फरतड म्हणजे हंगाम संपल्यावर झाडावर उरलेला हलका कापूस. पोरं हसत. ज्याचा कान धरलेला असे, तेही हसे. मीही एक-दोनदा हसलो आहे.

वार्षिक परीक्षेचा बराचसा भाग पाटीवर होई. पाटी पुसली की पोराचं उत्तर गेलं. उरायचा तो गुरुजींचा शब्द. कागदावरचे पेपर गुरुजी गठ्ठा करून हातावर तोलत आणि कपाटात टाकून देत. पुढं त्यांतच सुपारी बांधून घरी जाई. निकाल लावायचा दिवस म्हणजे गुरुजींच्या ओसरीवर मी मांडी घालून लिहायचं आणि त्यांनी डोळे मिटून सांगायचं. माझं अक्षर बरं होतं, म्हणून ते काम माझ्याकडे.

"लिहा. भाषा साठ. गणित साठ."

"गुरुजी, याला तर वजाबाकी येत नाही."

"याच्या बापानं स्नेहसंमेलनाले मांडव देल्ला होता. पासष्ट लिहा."

मी पासष्ट लिहिले. मला नोकरी नवी होती, घरी बहिणीचं लग्न व्हायचं होतं. ही कारणं मी त्या काळात रोज स्वतःला सांगत असे. आता ती आठवली की त्यांचीही लाज वाटते.

गुरुजींच्या खुर्चीमागं भिंतीवर प्रगतीचा तक्ता होता. मंगरूळच्या एका पेंटरकडून त्यांनी तो रंगवून घेतला होता. चौथीच्या निकालाची लाल रेघ दर वर्षी एकेक पायरी वर चढत गेलेली. मी आलो त्या वर्षी ती शंभरावर पोचली. पुढच्या वर्षी पंचाईत झाली. शंभराच्या वर जायला जागा नाही, आणि रेघ आडवी गेली तर प्रगती थांबलेली दिसेल. गुरुजी दोन दिवस त्या तक्त्यासमोर मागं हात बांधून उभे होते. मग त्यांनी पेंटरला बोलावून मागची सगळी वर्षं थोडी थोडी खाली उतरवली. रेघ पुन्हा चढू लागली. ज्या पोरांना त्यांनीच एकेकाळी पास केलं होतं, त्यांतली काही अशी भिंतीवर नापास झाली, आणि त्यांना ते कधी कळलंही नाही.

शंभर टक्के कसे लागत, हे आता सांगितलं पाहिजे. चौथीची परीक्षा मोठ्या गावी, केंद्रावर होई. तिथं गुरुजींचं काही चालत नसे. म्हणून जो पोरगा तिथं हमखास पास होईल असं त्यांना वाटे, तोच चौथीत चढे. बाकीचे तिसरीत बसून राहत. कोणी दोन वर्षं, कोणी तीन. मग त्यांचे बाप कंटाळून त्यांना गुरांमागं लावत आणि पटावरून नाव कमी होई. तक्त्यावर त्यांची नोंद नव्हती. चौथीत पाचच पोरं असली आणि पाचही पास झाली, तर निकाल शंभर टक्केच.

सुजाता मात्र नापास होईल म्हणून तिसरीत राहिली नव्हती. ती फार हुशार होती म्हणून राहिली.

ती बौद्धवाड्यातली. आई पंचफुलाबाई मजुरीनं जाणारी, बाप दुसऱ्याच्या शेतावर सालानं. पहिल्या वर्षी आई-बाप हळद काढायला हिंगोलीकडे गेले, पोरीला बरोबर नेलं, वार्षिक परीक्षा बुडाली. ती तिसरीत राहिली, ते एक वेळ नियमाला धरून होतं. दुसऱ्या वर्षी शाळा तपासायला डिप्टी साहेब आले. शाळा तपासणाऱ्या साहेबाला आमच्याकडे डिप्टीच म्हणतात. तपासणीच्या दिवशी गुरुजी पोरांची उसनवारी करत. चौथीतली चलाख पोरं दुसरीत बसवत, अडखळणारी पोरं पाणी भरायला विहिरीवर पाठवत. त्या दिवशी साहेबांनी तिसरीला सहज विचारलं, दीडकी कोणाला येते? दीडकी म्हणजे दीडपटीचा जुना पाढा. तो अभ्यासातून केव्हाच गेला होता, पण म्हाताऱ्या साहेबांना त्याची हौस होती. सुजाता उभी राहिली आणि तिनं ती एका दमात म्हटली. आजोबांच्या तोंडून ऐकून तिला पाठ झाली होती. साहेब खूश झाले. शेरा लिहिताना त्यांनी तिसरीचा वर्ग तालुक्यात उत्तम असल्याचं लिहिलं.

निकालाच्या दिवशी ओसरीवर तिचं नाव आलं.

"सुजाता तिसरीतच ठेवा."

"गुरुजी, ती तर पहिली आहे."

"म्हून त ठेवा म्हन्तो. ती वरती गेली त तिसरीत दाखवाले काय राह्यलं?"

मी 'तिसरीत कायम' असं लिहिलं. माझं अक्षर त्या दिवशीही सुबकच आलं.

तिसऱ्या वर्षी, दिवाळीनंतर, डिप्टी पुन्हा आले. तेच साहेब. गुरुजींच्या घरी रोडगे आणि वांग्याची भाजी झाली होती, ती खाऊन साहेब सुस्तावले होते. तिसरीत आले. गुरुजींनी नेहमीप्रमाणे सुजाताला उभं केलं. तिनं दीडकी म्हटली. साहेब चष्मा पुसत तिच्याकडे बराच वेळ पाहत राहिले.

"गावंडे, मागच्या वर्षी हीच मुलगी होती ना?"

मी दारात उभा होतो. गुरुजींना सुपारीचा ठसका लागला. मग ते शांतपणे म्हणाले, "नाही साहेब. ती हिची मोठी बहीण. घरच सारं हुशार आहे."

"असं का? मग ती चौथीत असेल. बोलवा तिला. मंगरूळला मुलींच्या वसतिगृहात जागा आहेत, मला अशा मुली हव्याच आहेत. नाव लिहून घेतो."

चौथीचा वर्ग त्याच खोलीत, दुसऱ्या भिंतीला होता. तिथं मोठी बहीण नव्हती. कुठंच नव्हती. सुजाता आईबापांना एकुलती एक. गुरुजींनी मान खाली घातली आणि आवाज जड केला.

"काय सांगू साहेब. तिचं लग्न लावून देलं त्या लोकांनी."

"एवढ्याशा मुलीचं?"

"मी समजावलं. हात जोडले. नाही ऐकत."

साहेबांनी हळहळून मान हलवली. "या लोकांना कधी कळणार," ते म्हणाले, आणि सुजाताकडे वळले. "बाळ, तुझ्या ताईला कुठं दिली?"

सुजातानं गुरुजींकडे पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं. मी दाराच्या कडीशी चाळा करत होतो.

"मले नाई माहीत," ती म्हणाली.

साहेब गेले. गुरुजी संध्याकाळपर्यंत फार खुशीत होते. "प्रसंगावधान म्हन्तेत याले, मास्तर," ते मला दोनदा म्हणाले.

दुसऱ्या दिवशी शाळा भरायच्या वेळेला पंचफुलाबाई आली. हातात विळा होता, वेचणी-निंदणीला जाता जाता वळली असावी. पाटलांचे दोन गडी शाळेच्या ओसरीवर विडी ओढत बसले होते. ती पायरीखालीच थांबली.

"जयभीम गुरुजी."

"हां हां. काय आहे?"

"काई नाई. माह्या पोरीचं लगन लावलं म्हने तुमी."

गुरुजींचा अडकित्ता थांबला. "कोनं सांगतलं तुले?"

"नवरीनंच सांगतलं."

गडी हसले. गुरुजींनी त्यांच्याकडे डोळे वटारून पाहिलं, त्यानं ते जास्तच हसले.

"बाई, साहेबापुढं काही बोलाव लागते. तुले नाही समजत ते."

"नाई समजत. म्हून त इचाराले आली. जवाई काय करते? वावर हाय का त्याले, का माह्यावानीच दुसऱ्याच्या वावरात?"

"मी तुह्या पोरीचं नाव घेतलं नाही. मोठ्या बहिनीचं म्हनलं मी."

"मोठी? मले त एकच झाली. दुसरी कवा झाली ते तुमालेच माहीत, गुरुजी."

आता रस्त्यावरून जाणारे लोकही थांबले. पोरं खिडकीत चढली. गुरुजी उठून उभे राहिले, कोटाची बटणं लावली, पुन्हा सोडली. या माणसाला मी साहेबांपुढं वाकताना पाहिलं होतं, पाटलांपुढं हसताना पाहिलं होतं. लोक आपल्याला हसत आहेत हे त्यांनी कधी अनुभवलं नव्हतं. त्याचं काय करायचं ते त्यांना माहीत नव्हतं.

"तुले पाहिजे काय?" ते हळू आवाजात म्हणाले.

"मले काय पायजे." पंचफुलाबाईनं विळा दुसऱ्या हातात घेतला. "लगन झालेली पोरगी तिसरीत बसते का? तिले चौथीत बसवा. नाईत सासरचा पत्ता द्या. मंगळवारच्या बजाराले मी मंगरूळले जाऊन राह्यली. डिप्टी सायबाले संगं घेतो, दोघं मिळून भेटून येतो पोरीले."

ती खरोखर गेली असती. ते गुरुजींना कळलं, मलाही कळलं.

"मास्तर," गुरुजी माझ्याकडे न पाहता म्हणाले, "सुजाताले चौथीत बसवा. आजच." मग जमलेल्यांकडे वळून, मोठ्यानं, "मी कालच ठरवलं होतं हे."

"ठरवलं असन," पंचफुलाबाई म्हणाली आणि कामावर गेली.

यात माझा काही वाटा होता असं सांगायचा मोह मला अनेकदा झाला. बायकोला एकदा तसं सांगितलंही. वाटा नव्हता. मी सुजाताचं दप्तर उचलून या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत नेलं, एवढंच. चौथीचं अर्धं वर्ष निघून गेलं होतं. गुरुजींनी तिला शिकवलं नाही. उलट केंद्रावर जायच्या आदल्या दिवशी तिला म्हणाले, "तुही तब्येत बरी नाही दिसत. राह्य घरीच." ती नापास झाली तर त्यांची लाल रेघ घसरली असती. ती घरी राहिली नाही. बापाबरोबर चालत केंद्रावर गेली आणि पास झाली. गुण बेताचे होते. वेळेवर चौथीत गेली असती तर ती कुठल्या कुठं गेली असती. गुरुजींनी निकाल पाहिला आणि म्हणाले, "पाहा मास्तर. म्या म्हनलंच होतं, धागा आखूड हाय." त्या वर्षीचे शंभर टक्के त्यांनी तिच्यासकट मोजले. पेंटर आला, रेघ चढली.

ती पाचवीला मंगरूळला गेली. वसतिगृहात जागा मिळायला आणखी एक वर्ष जावं लागलं. तोवर ती रोज येऊन-जाऊन शिकली.

गुरुजींना मी शेवटचं पाहिलं ते त्यांच्या निवृत्तीच्या समारंभात. दशक संपत आलं होतं. शाळेसमोर मांडव घातला होता, गावातले प्रतिष्ठित खुर्च्यांवर, बाकीचे सतरंज्यांवर. प्रगतीचा तक्ता भिंतीवरून काढून मंचावर गुरुजींच्या मागं टांगला होता. माझी बदली झाली होती, तरी भाषणासाठी मला बोलावलं होतं. मी बोललो. काय बोललो ते आता आठवत नाही, आणि आठवून घ्यायची इच्छाही नाही.

मग गुरुजी उठले. गळ्यात हार इतके की हनुवटी वर धरावी लागत होती. त्यांनी बायकांच्या बाजूला पाहिलं. तिथं शेवटच्या रांगेत पंचफुलाबाई होती, आणि शेजारी सुजाता. ती दहावीत होती. शाळेच्या पोरांनी गावातल्या सगळ्या शिकणाऱ्या मुलांना निमंत्रण दिलं होतं, म्हणून आली होती.

"उभी राह्य बेटा," गुरुजी म्हणाले. ती उभी राहिली. "या पोरीले पाहा. तीन वर्सं मी इले तिसरीत ठेवली. लोक मले नावं ठेवत होते. पन पाया पक्का झाल्याबिगर मी कोन्या पोराले वर चढवत नाही. आज ही दहावीत हाय. कोनाच्यानं?"

टाळ्या पडल्या. खुर्च्यांवरचे जरा जास्त वाजवत होते. मी पंचफुलाबाईकडे पाहिलं. तिनं हात मांडीवर ठेवले होते.

"आता दीडकी म्हन बेटा. ऐकव साऱ्यायले."

सुजातानं आईकडे पाहिलं.

"म्हन ना. लाजते कायले?"

"मले नाई येत, गुरुजी."

"असं कसं? तुले त पाठ हाय."

"इसरली मी."

तिच्या आवाजात राग नव्हता. एवढं बोलून, कोणी सांगायच्या आत, ती खाली बसली.

गुरुजी हसले. मंचावरचेही हसले. "पोरी मोठ्या झाल्या की अशाच," ते म्हणाले. "बरं, मी सुरू करून देतो." आणि उजव्या हातानं ताल धरत त्यांनी सुरू केलं. एक दीड दीड, दोन दीड तीन, तीन दीड साडेचार. आवाज अजून खणखणीत होता. पोरं ताल धरू लागली. दहा झालं, बारा झालं. चौदा दीड एकवीसला ते थोडे रेंगाळले. सोळा दीड चोवीस, ते म्हणाले. सतरा दीड...

ते थांबले. पुन्हा मागून आले. सोळा दीड चोवीस. सतरा दीड...

साडेपंचवीस. मला येत होतं. मांडवात बसलेल्या निम्म्या म्हाताऱ्यांना येत होतं. सुजाताला तर येतच होतं. ती समोर सरळ पाहत बसली होती. माझ्या तोंडाशी आलं होतं, आणि मी तोंड मिटलं. त्यांच्यासमोर मी किती वेळा गप्प बसलो याचा हिशेब नाही, पण त्या एका वेळचं गप्प बसणं मला कधी खुपलं नाही.

गुरुजी मांडवाकडे पाहत उभे होते, कोणीतरी पुढचं सांगेल म्हणून. ताल धरण्यासाठी उचललेला हात अजून तसाच वर होता.